चाखणं आणि खाणं

"मामा, तोंडात घालू नका. ते बटर आधी माझ्या तराजूवर ठेवा," मी म्हटलं, तेव्हा मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांचे दातच मागितले होते.

सगळेच त्यांना मामा म्हणत; ते आमच्या डेअरीत बटर चाखायचे. मी शेजारच्या प्रयोगशाळेत. एकतीस वर्षं त्यांचं काम तेच: प्रत्येक लॉटमध्ये पोकळ सळई खुपसायची, नखाएवढं बटर जिभेवर घ्यायचं, डोळे मिटायचे आणि गिळायचं. मग 'पास' किंवा 'नापास'. इतर ठिकाणचे चाखणारे थुंकतात. मामांना ते मुळीच पटत नसे.

"खरा दोष घशात कळतो, बाई. जीभ फसते."

त्यांनी पास केलेला माल कधी परत आला नव्हता, त्यामुळे आम्ही वाद घालण्याच्या भानगडीत पडत नसू.

गेल्या वर्षी त्यांचं कोलेस्टेरॉल चढलं, साखरही काठावर आली. डॉक्टरांनी बटर बंद केलं. दही खा म्हणाले, चीजचा तुकडाही चालेल. मामा भडकले.

"सगळं दुधाचंच ना? मग एकट्या बटरनेच काय घोडं मारलंय?"

दुधाचंच, पण शरीर सगळ्याला सारखं वागवत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. बटरने वाईट कोलेस्टेरॉल जेवढं चढतं, तेवढ्याच फॅटच्या चीजने तेवढं चढत नाही. मामा घरी कोरडा पाव खाऊ लागले. सहा महिन्यांनी तपासलं तर आकडा आणखी वर! मामींनी सगळं खापर चीजवर फोडलं आणि तेही बंद केलं.

"इथे काय करता ते डॉक्टरांना सांगितलंत?" मी विचारलं.

"त्यात काय सांगायचं? चाखणं म्हणजे खाणं नव्हे."

म्हणून तराजू. नखाएवढं बटर दोन ग्रॅम भरलं. दिवसाला चाळीस लॉट. मामांनी मनात गुणाकार केला.

"ऐंशी ग्रॅम! घरी चमचाभर घेतलं तर बायको भांडते, आणि इथे मी रोज वाटीभर रिचवतोय."

"मग आता?"

"आता थुंकायचं. ठरलं म्हणजे ठरलं."

ठरवणं सोपं होतं, पण घसा ऐकेना. पहिल्या दिवशी चाळीसपैकी अकरा वेळा त्यांनी गिळलं. मोजायला मलाच बसवलं होतं. चुकले की स्वतःवर चरफडायचे, चूळ भरायचे, पुढचा लॉट घ्यायचे. तिसऱ्या आठवड्यात एकदाही गिळलं नाही. चार महिन्यांनी आकडा उतरला, मामींनी चीजला माफ केलं, आणि मी प्रयोगशाळेत सगळ्यांना चहा पाजला.

काल सत्ताविसाव्या लॉटवर मामा अडले. चाखलं, थुंकलं. पुन्हा चाखलं, पुन्हा थुंकलं. तिसऱ्यांदा बटर जिभेवर ठेवून तसेच उभे राहिले. एकदा गिळलं की उत्तर मिळणार होतं. मी बघत होते, पण त्यांनी गिळलं असतं तर मी शब्दही काढला नसता. माझा जीव तुटत होता.

त्यांनी थुंकलं.

"मला कळत नाहीये," ते म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं.

"यंत्रावर लावू का?"

"त्याला दोन दिवस लागतील. गाडी दुपारी निघते. तुम्ही घ्या, आणि गिळा."

"मी?"

"रोज नाही हो. मला शंका आली तरच."

मी गिळलं. आधी छान लागलं. मग घशात, अगदी मागे, जुन्या तेलासारखं काहीतरी रेंगाळलं.

"खवट आहे, मामा."

त्यांनी मान डोलावली. नोंदवहीत 'नापास' लिहिलं आणि सहीसाठी पेन माझ्यापुढे केलं. त्या रकान्यात एकतीस वर्षं त्यांचीच सही होती. मला वाईट वाटलं, आणि त्यांचा अभिमानही वाटला. मी सही करत होते तेवढ्यात त्यांनी खळखळून चूळ भरली, आपलं स्टूल सरकवून माझ्या खुर्चीला जागा केली आणि अठ्ठाविसाव्या लॉटच्या खोक्यात सळई खुपसली.