न मुरगळलेला पाय

मिस्त्रीने आयुष्याची वीस वर्षं लिफ्टच्या उभ्या बोगद्यांत काढली होती. कमरेला पट्टा बांधून तो लिफ्टच्या टपावर उभा राहायचा, तारेच्या दोरांना ग्रीस लावायचा, झिजलेले रोलर बदलायचा आणि पायाखाली बावीस मजल्यांचा काळोख असताना मजेत शीळ घालायचा. त्याच्या अकरा वर्षांच्या मुलीला याचा कोण अभिमान. बाकीच्यांचे बाबा खुर्चीत बसून काम करतात, आमचे बाबा हवेत उभे राहून करतात, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मिस्त्री वरवर तिला गप्प करायचा, पण आतून त्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

घरात तिला मुंगी म्हणत, कारण धड चालता येत नव्हतं तेव्हाच ती कपाटाचे खण ओढून त्यांवरून वर चढली होती. शहरातल्या सगळ्यात उंच इमारतीच्या गच्चीवरून लांबवर एक शिखर दिसायचं. बाबांबरोबर एकदा तिथे गेल्यापासून तिने धोशा लावला होता, की त्या टोकावर जायचं. मिस्त्री स्वतः कधी डोंगर चढला नव्हता. पण बावीस मजले रोज वरखाली करणाऱ्याला डोंगराचं काय, असं त्याला वाटलं आणि एका रविवारी सकाळच्या पहिल्या बसने दोघं निघाले. आईने पाव, उकडलेली अंडी आणि सफरचंदं बांधून दिली आणि पोरीचा हात सोडू नका म्हणून तीनतीनदा बजावलं.

बसमध्ये समोरच्या बाकावर एक जोडपं होतं. नवरा बेकरीवाला, चांगला धिप्पाड, आणि बायको इस्पितळात नर्स. पुढच्या महिन्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. त्यानंतर डोंगर जमेल न जमेल, म्हणून एकदा ते शिखर बघून यायचं, असं दोघांनी ठरवलं होतं. मुंगीने दहा मिनिटांत त्यांना काका-काकू करून टाकलं आणि बाबांच्या कामाची सगळी कथा ऐकवली. बेकरीवाल्याने विचारलं, भीती नाही वाटत? मिस्त्री हसून म्हणाला, उंचीची भीती वाटत असती तर खाल्लं काय असतं. हे वाक्य त्याला स्वतःलाच इतकं आवडलं, की चढताना त्याने ते मुंगीला पुन्हा एकदा म्हणून दाखवलं.

चढण झाडांतून होती तोवर सगळं मजेत चाललं. नर्स गुडघ्यामुळे सावकाश येत होती, बेकरीवाला मधूनमधून तिच्यासाठी थांबत होता, त्यामुळे बाप-लेक बरेच पुढे गेले. पाय कसा टाकायचा, दम कसा राखायचा, यावर मिस्त्री व्याख्यान देत होता. मग झाडं संपली आणि शिखराच्या अलीकडची धार आली. जेमतेम दोन माणसं शेजारी चालतील एवढी वाट, एका बाजूला लोखंडी खांबांना लावलेली साखळी आणि दोन्हीकडे खोल, मोकळी दरी. पलीकडे शंभरेक पावलांवर शिखर.

मुंगी साखळी धरून तुरुतुरु निघाली. मिस्त्री तिच्या मागे सात-आठ पावलं गेला आणि त्याचे पाय थांबले. त्याला आधी कळेचना काय झालं. बोगद्यात चारही बाजूंना भिंती असतात, हात लांब केला की काँक्रीट लागतं. इथे हाताला काहीच लागत नव्हतं. तळव्यांना घाम फुटला. तो खाली बसला. मग ज्या वाटेने आला त्याच वाटेने, तोंड शिखराकडे ठेवून, बसल्या बसल्या मागे सरकला.

मुंगी वळून बघत होती. ती गुपचूप परत आली. वारा फार आहे, असं तो म्हणाला. तिने मान डोलावली. वारा नव्हता.

तेवढ्यात खालून बेकरीवाला आला. मिस्त्रीचा पांढराफटक चेहरा आणि धुळीने भरलेली पँट बघून त्याने काळजीने विचारलं, "काय हो, काय झालं?"

"मुलीचा पाय मुरगळलाय," मिस्त्री म्हणाला.

हे आपण का बोललो, हे त्याला नंतर कितीही विचार केला तरी सांगता आलं नसतं. तोंडातून निघून गेलं खरं. त्याने मुंगीकडे पाहिलं. ती एक क्षण त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने उजवा पाय हळूच उचलून धरला आणि तोंड वाकडं केलं.

मिस्त्रीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बेकरीवाल्याने मागचापुढचा विचार न करता पाठीवरची पिशवी त्याच्या हातात दिली आणि मुंगीला पाठुंगळी घेतलं. तुम्ही आधीच दमलेले दिसता, मी नेतो, म्हणाला. मिस्त्रीने शिखराचं विचारल्यावर म्हणाला, शिखर कुठे पळून जात नाही, बायकोचं ऑपरेशन झालं की बघू पुढच्या वर्षी. तो उतरू लागला. मिस्त्री दुसऱ्याची पिशवी घेऊन मागून चालत राहिला. मुंगी त्या अनोळखी पाठीवर बसून समोर बघत होती. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

पंधरा मिनिटांनी एका सपाट खडकाशी नर्स भेटली. तिने मुंगीला खडकावर बसवलं, बूट-मोजा काढला आणि घोट्याभोवती बोटांनी दाबून बघायला सुरुवात केली. इथे दुखतं का, तर हो. इथे? हो. मग बोलता बोलता तिने पुन्हा पहिल्याच जागी दाबलं आणि मुंगी काही बोलायला विसरली. नर्सने मान वर करून पाहिलं, ते मुलीकडे नाही, मिस्त्रीकडे. पिशवीतली पट्टी काढून ती गुंडाळी उलगडू लागली.

ती पट्टी आपल्या पोरीच्या धडधाकट पायाला बांधली जाणार, हे मिस्त्रीला बघवेना.

"तिला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "मी घाबरलो. धारेवर माझे पायच चालेनात. आणि नाव तिचं घेतलं."

बेकरीवाला त्याच्याकडे बघतच राहिला. मिस्त्रीने त्याची क्षमा मागितली, तेव्हा तो, "असू द्या," एवढंच म्हणाला आणि पाणी प्यायला वळला. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पण खरा घाव पुढेच होता. "नाही काकू," मुंगी घाईघाईने म्हणाली. "बाबा उगाच म्हणतायत. खरंच दुखतोय." आणि तिचे डोळे भरून आले.

आपण तिला काय करायला लावलंय, ते मिस्त्रीला तेव्हा नीट कळलं. तो तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. मोजा चढवला, बूट घातला, नाडी बांधू लागला. दोनदा गाठ सुटली.

नर्सने पट्टी परत गुंडाळली आणि सरळ विचारलं, "आम्ही वर जातोच आहोत. हिला नेऊ का बरोबर? तिचा हात सोडणार नाही."

मिस्त्रीने मान डोलावली. मुंगी जायला तयार होईना. तुम्ही एकटे काय करणार, म्हणाली. "मी इथेच बसतो," तो म्हणाला. "तू जा. माझ्यासाठी थांबू नकोस." तीन-चार वेळा वळून बघत ती गेली.

दीड तास तो त्या खडकावर बसला होता. येणारेजाणारे नमस्कार करत होते, कुणी विचारलं, वर नाही जात का? पहिल्याला तो म्हणाला, जाऊन आलो. तो माणूस दिसेनासा होईपर्यंत त्याचे कान जळत होते. पुढच्याला मात्र त्याने सांगितलं, की मला जमत नाही. त्या माणसाला त्यात काही विशेष वाटलं नाही. मिस्त्रीला वाटलं.

तिघं परत आली तेव्हा नर्स लंगडत होती, पण चेहरा फुलला होता. मुंगीचे गाल उन्हाने लाल झाले होते. कसं होतं, असं त्याने विचारलं.

"काही विशेष नव्हतं," ती म्हणाली. "नुसते दगडच आहेत. तुम्ही नाही आलात ते बरंच झालं."

इतकं सराईतपणे म्हणाली, की क्षणभर त्याला खरंच वाटलं.

परतीच्या बसमध्ये बेकरीवाला डोकं मागे टेकून झोपला आणि नर्स गुडघ्यावर थंड पाण्याची बाटली धरून बसली. मिस्त्रीने मुंगीला अंडं सोलून दिलं. मग खिडकीबाहेर बघत, हळू आवाजात म्हणाला, "खरं सांग. कसं होतं?"

तिने त्याचा अंदाज घेतला. खाली बघून म्हणाली, की थोडं चांगलं होतं. मग म्हणाली, तिथून तळं दिसतं. मग एक घार त्यांच्या खालून उडत गेली, चक्क खालून, तिची पाठ दिसली. काकू टोकावर पोचल्यावर रडल्या आणि काकांनी त्यांना उचललं. बोलता बोलता तिचा आवाज चढत गेला, हात हलू लागले, हातातलं अंडं तसंच राहिलं. तो ऐकत होता. घार कुठल्या बाजूने आली, तळं केवढं होतं, असं मधेच विचारत होता, आणि उत्तरागणिक त्याचा चेहरा गरम होत होता. पण त्याने तिला थांबवलं नाही.

घर जवळ आलं तसं तिने हळूच विचारलं, आईला काय सांगायचं?

"धारेवरचं मी सांगतो," मिस्त्री म्हणाला. "तू फक्त शिखरावरचं सांग."