केशरची दोन वर्षं

मित्रांनो, मी एक जुनं घुमट बोलतोय. देवळावरचा घुमट नव्हे, गाण्याला ताल देणारं मातीचं वाद्य. सुप्याच्या कुंभारानं मला घडवलं, तोंडावर घोरपडीचं कातडं चढलं आणि दिग्गी गावच्या लाडूनं मला गळ्यात अडकवलं.

लाडूचा आवाज असा, की शिमग्यात रानापलीकडची माणसं वाट तुडवत यायची. 'लाडूची गाणी' उळवीच्या जत्रेपर्यंत पोचली. पण ती रचायची त्याची बायको, केशर. नाचणी निंदताना तिला ओळी सुचत. ती सांगे आणि लाडू माझ्यावर थाप देत त्या चालीत बसवी. बाईचं गाणं चार माणसांत कोण ऐकणार? म्हणून नाव त्याचं. केशरला त्याचं काही वाटत नसे. "तुमच्या गळ्यातनं आलं की माजंच मला नवं वाटतंय," ती म्हणायची.

एका पावसाळ्यात सरकारी रानात लाकूडतोडीला गेलेला लाडू हिवताप घेऊन परतला, तो अंथरुणावरून उठलाच नाही. मी भिंतीवर टांगला गेलो. केशरनं एकटीनं शेत केलं. दोन वर्षांनी नदीवरचा साकव, आमचा लाकडी पूल, माणसांसकट वाहून गेला. तेव्हा तिनं मला खाली काढलं, दार लोटून घेतलं आणि रडत रडत एक गाणं रचलं. बायकांनी ते उचललं, गावोगाव नेलं. लोक म्हणाले, लाडूचंच असणार.

पुढे बेळगावचे रामचंद्रपंत गाणी गोळा करत आले. पुस्तकात लाडूचं चरित्रही घालायचं होतं त्यांना. केशरच्या ओसरीवर गावकऱ्यांत बसून त्यांनी विचारलं, "लाडू साकव वाहून जाण्याआधीच वारला म्हणता. मग साकवाचं गाणं त्यानं कसं रचलं?"

केशर दाराआडून पुढे आली.

"त्ये मी रचलंय. आदीची बी माजीच हाईत."

धाकटा दीर परशू उसळला. "वयनी, आत जावा! मेलेल्या माणसाचं नाव खाताय व्हय?" मग पंतांकडे वळून म्हणाला, "आमचंच साल चुकलं असंल, सायेब. दादा साकवाच्या पावसानंतर गेला."

बसलेल्यांनी माना डोलावल्या. पंतांना हायसं वाटलं. दोन हकिकतींचा मेळ बसला होता.

केशर उंबऱ्यावरच बसली. "त्यो तवा जिता व्हता म्हंता? मग ती दोन सालं मी कुणाच्या नावानं कुंकू पुसून बसले व्हते?"

पंतांनी चष्मा पुसला आणि पुढचं गाणं म्हणायला सांगितलं.

मित्रांनो, थाप पडल्याशिवाय मला बोलता येत नाही. तिला येत होतं. ती बोललीही.

पुस्तक छापून आलं. त्यात लाडू दोन वर्षं जास्त जगला. केशरनं पुन्हा एक ओळ रचली नाही. शेतात बायकांनी साकवाचं गाणं धरलं, की ती खुरपं उचलून पार दुसऱ्या कडेला जायची. तशीच ती एक दिवस हे जग सोडून गेली. माझं कातडं कसरीनं खाल्लं. आता माझ्यात काकडीचं बियाणं ठेवतात.

माझ्यावर नवं कातडं चढवा, असं मी म्हणत नाही. पण एखादं गाणं जिवाला लागलं, तर ते रचणाऱ्या माणसाला त्याच्या हयातीतच शोधा. आणि ते माणूस समोर येऊन 'हे माझं' म्हणालं, तर मित्रांनो, त्याला आत जा म्हणू नका.