सारख्या काठिण्याचे दोन पेपर

जपानी शिकवणाऱ्या त्या विभागात चाचण्या तयार करायचं काम एकाच बाईंकडे होतं. विद्यार्थ्यांना जपानीतली व्याख्यानं कळतात का, शोधनिबंध वाचता येतात का, हे वर्षातून दोनदा मोजायचं. पेपर वेगळे, पण काठिण्य सारखं हवं, तरच प्रगती कळणार. म्हणून प्रत्येक पेपर आधी दुसऱ्या एखाद्या गटाकडून सोडवून घ्यायचा. यंदा दुसऱ्या पेपरला घाई झाली. बाईंनी तो असा सोडवून न घेताच सही करून पाठवला.

वर्गातली वयानं सगळ्यात मोठी विद्यार्थिनी पहिल्या पेपरातल्या एकसष्ट गुणांवरून अठ्ठेचाळीसवर आली. प्रयोगशाळेतली नोकरी सोडून ती शिकायला आली होती. वर्ग तिला ‘मावशी’ म्हणायचा. प्रगती नाही म्हणून पुढच्या शिक्षणासाठी जपानला जाणाऱ्यांच्या यादीतून तिचं नाव उडालं.

महिन्याभरानं बाईंनी सगळ्यांचे दोन्ही पेपरांचे गुण शेजारी शेजारी मांडले. दोघं सोडून सगळेच घसरले होते. त्या तडक विभागप्रमुखांकडे गेल्या.

“सर, मुलं मागे पडलेली नाहीत. माझा पेपरच अवघड होता.”

“यादी पुढे गेली, बाई. आता कशाला उकरून काढताय? सही तुमचीच आहे.”

दुसऱ्या दिवशी बाई मावशीच्या घरी गेल्या. दार तिच्या भावानं उघडलं. मावशी आतून आली आणि समोर बसली. बाईंनी काही न लपवता सगळं सांगितलं.

 मावशी म्हणाली, “मला वाटलं, माझं डोकंच चालेनासं झालं. आईलाही तेच सांगितलं मी. मागच्या आठवड्यात ती गेली.”

“मी आता काय करू?” बाईंनी विचारलं.

“लिहून द्या,” भाऊ म्हणाला.

बाईंनी तिथंच बसून चूक लिहून दिली. ते पत्र भावानं विभागात नेऊन दिलं. बाईंचं चाचण्यांचं काम काढून घेतलं गेलं. यादी मात्र बदलली नाही. मावशीला दोन ओळींचं उत्तर आलं: पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा.

तिनं केला नाही. ती प्रयोगशाळेत परत गेली, पण तिच्या जागी दुसरी आली होती. मावशीला बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचं काम मिळालं. बाई एकदा तिला भेटायला तिथं गेल्या. ती “बसा” म्हणाली, पण हात काही थांबले नाहीत.