हिंदुराव वाळक्यांचा मसुदा

"नॉटविथस्टँडिंग एनीथिंग कंटेन्ड हिअरइन..." अण्णासाहेब परांड्यांनी एवढं वाचलं आणि मान वर करून समोरच्या शे-दीडशे अधिकाऱ्यांवर अशी नजर टाकली, की जणू ते शब्द त्यांना आत्ताच, पिंपरीच्या त्या भाड्याच्या मंगल कार्यालयात सुचले असावेत. टाळ्यांचा कडकडाट झाला.

शेवटच्या रांगेत हिंदुराव वाळके ओठांतल्या ओठांत तेच वाक्य पुटपुटत होते. ते वाक्य त्यांचं होतं. आधीचं त्यांचं होतं आणि पुढचंही त्यांचंच होतं. बँकेच्या अधिकारी संघटनेचं मागणीपत्रक गेली वीस वर्षं हिंदुराव लिहीत आणि अण्णासाहेब वाचत. लिहिणाऱ्याला अंधारा कोपरा आणि वाचणाऱ्याला हार, ही वाटणी कोणी केली नव्हती, पण ती पडली होती खरी.

एकोणऐंशी सालचा फेब्रुवारी होता. कारकुनांचे करार वर्षानुवर्षं होत आले होते. त्यांना ओव्हरटाइम मिळायचा, आणि अधिकाऱ्याला नुसता मान. महिन्याच्या शेवटी कारकून अधिकाऱ्यापेक्षा जास्त घेऊन घरी जाई, हे सगळ्यांनाच खुपत होतं. या खेपेला पगाराबरोबर पेन्शनचीही मागणी होती, आणि मुंबईला मुख्य कचेरीत बोलणी करायला अण्णासाहेब जाणार होते.

"काय इंग्रजी आहे राव अण्णासाहेबांचं!" शेजारी बसलेला विलास रणपिसे म्हणाला. विलास त्यांच्याच शाखेतला तरुण अधिकारी. बाप पेनिसिलीनच्या कारखान्यात कामगार, पोरगा साहेब झालेला. संघटनेच्या शिष्टमंडळात नुकतीच त्याची वर्णी लागली होती. "तुम्ही गाववाले ना त्यांचे? लहानपणापासून असेच हुशार का हो?"

"व्हय, असेच," हिंदुराव म्हणाले. हापिसात ते सहसा गावाकडचं बोलत नसत, पण मनाचा तोल गेला की जिभेचाही जाई.

लहानपणी अण्णा हुशार बिशार काही नव्हता. उंच मात्र होता, आणि सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. दिघीच्या शाळेत दोघांची नावं एकाच दिवशी घातली. जन्मतारीख कुणाच्या घरी ठाऊक असणार! मास्तरांनी रिवाजाप्रमाणे दोघांचीही एक जून लिहिली, आणि वर्ष उंची बघून ठरवलं. अण्णा ताडमाड, म्हणून एकवीस. हिंदुराव मूठभर, म्हणून तेवीस. खरं पाहिलं तर हिंदुराव दोन महिन्यांनी थोरले. पण कागदावर अण्णा दोन वर्षांनी मोठा झाला तो कायमचा. बँकेत दोन वर्षं आधी लागला, बढती आधी, गावच्या जत्रेत नारळ आधी. बासष्ट साली पिंपरीची शाखा उघडली तेव्हा दोघे एकत्र तिथे आले, आणि पंख्याखालचं टेबल अर्थातच अण्णाला मिळालं. हिंदुरावांनी कधी तक्रार केली नाही. तक्रार न करणाऱ्या माणसाच्या पोटात ती किती वाढते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसेल.

त्या संध्याकाळी काळेवाडीच्या घरी त्यांनी कोट खुंटीला लावला तोच केसरबाई म्हणाल्या, "झाली का सभा? आवं, अण्णासाहेब भावजी हायेत म्हून ह्ये पेन्शन येतंय. न्हाईतर तुमी काय, खाली मान घालून लिवत बसनार."

बायको चुलीपाशी वळली तरी हिंदुराव तिथेच उभे होते. सभेतल्या दीडशे लोकांचं त्यांनी सोसलं असतं, पण हे एक सोसवेना.

दुसऱ्याच दिवशी ते कॅम्पातल्या टायपिंगच्या क्लासात गेले. बँकेचं यंत्र वापरण्याइतके ते खुळे नव्हते. पत्र इंग्रजीत, कार्मिक विभागाच्या बड्या साहेबांना होतं, आणि खाली सहीच्या जागी 'एक हितचिंतक' एवढंच. मजकूर साधा होता. संघटना एक जानेवारीनंतर निवृत्त होणाऱ्यांना पेन्शन मागते आहे, सरचिटणीस श्री. परांडे येत्या एकतीस मे रोजी निवृत्त होत आहेत. तेव्हा ही तारीख कुणाच्या सोयीची आहे याचा विचार व्हावा. एवढ्याने अण्णाला शिष्टमंडळातून काढून घरी बसवतील आणि म्हणतील, मसुदा ज्याचा त्यालाच पाठवा. हिंदुरावांना तेवढंच हवं होतं. एकदा, फक्त एकदा, मुंबईच्या त्या लांब टेबलाशी बसून आपली वाक्यं आपल्या तोंडाने वाचायची होती.

ओळख पटू नये म्हणून त्यांनी पत्रात मुद्दाम दोन चुका घातल्या. मग वाचून पाहिलं, तर अंगात कुसळं भरल्यासारखं झालं. अशुद्ध मसुदा आपल्या हातून जाणार? त्यांनी तो कागद फाडला आणि पत्र पुन्हा टाइप केलं. अनुक्रमांक घातले, पोटकलमं पाडली, दोन्ही बाजूंना समास सोडला. गुन्हा करतानासुद्धा अक्षर गिरवणारा हा माणूस. पत्र पेटीत टाकून ते घरी आले तेव्हा त्यांना फार दिवसांनी चांगली भूक लागली होती.

अण्णाला कुणी घरी बसवलं नाही. तो मार्चमध्ये तीनदा मुंबईला गेला आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात करार घेऊन आला. शाखेत पेढे वाटले गेले. पगार वाढला होता, पेन्शन मिळालं होतं. गळ्यात हार असलेले अण्णासाहेब सगळ्यांशी हसून बोलत होते, आणि हिंदुराव आपल्या टेबलाशी बसून कराराची प्रत चाळत होते. लेखकाच्या सवयीने ते आपली वाक्यं शोधत होते. साहेबांनी बरीच कापली होती. पेन्शनच्या कलमापाशी ते थांबले.

तारीख एक जुलै होती.

"एक जानेवारी मागितली होती ना?" त्यांनी विलासला विचारलं.

विलासने खुर्ची जवळ ओढली. "तीच मिळाली होती हो. तोंडी कबूल केली होती. शेवटच्या बैठकीत साहेबांनी टेबलावर एक पत्र टाकलं. निनावी. म्हणाले, तुमचेच लोक म्हणतात की ही तारीख परांड्यांनी स्वतःसाठी मागितलीय. त्यांना मोडता घालायला निमित्तच पाहिजे होतं."

"मग?"

"अण्णासाहेबांनी पत्र उचललं, वाचलं, पुन्हा वाचलं. मग घडी घालून खिशात ठेवलं. आम्ही म्हटलं, भांडू, संप करू. ते नाही म्हणाले. म्हणाले, मी भांडलो तर या पत्रातलं खरं ठरतं. घ्या एक जुलै, पण मधल्या सहा महिन्यांत जे निवृत्त होतायत त्यांना सोडू नका. साहेब तयार झाले. शेवटचं पान बघा."

हिंदुरावांनी शेवटचं पान उलटलं. 'खास बाब' म्हणून पेन्शन मिळणाऱ्यांची यादी होती. चार नावं होती. त्यांत परांडे नव्हतं.

"निवृत्त होणारे पाच होते," विलास म्हणाला. त्याचा आवाज चढला. "पाचवं नाव त्यांनी स्वतःच्या हाताने खोडलं. कोण हरामखोर असेल हो तो?"

हिंदुरावांनी पान मिटलं. लाज नंतर वाटली; खरं सांगायचं तर आधी त्यांच्या मनात भलतंच आलं. खाली पडतानासुद्धा अण्णाच मोठा झाला! लोक आता त्याला देवघरात ठेवतील. आपण त्याला हिसका द्यायला गेलो आणि तो आणखी एक पायरी वर चढून बसला. एवढं मनात आल्यावर मग मात्र त्यांना समोरचा पेढा खाववेना.

एकतीस मेला निरोपसमारंभ झाला. मानपत्राचा मसुदा हिंदुरावांनीच केला. दुसरं कोण करणार? 'आपल्या त्यागाचे मोल' असे शब्द लिहिताना त्यांची लेखणी अडली, पण थांबली नाही. समारंभ संपल्यावर अण्णा त्यांच्याकडे बघून काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात ते गर्दीतून निघून गेले.

पुढची दोन वर्षं त्यांनी, अण्णा राहायचा त्या दिघीची वाट टाळली. तिथलं बहिणीच्या घरचं लग्नसुद्धा तापाचं निमित्त करून चुकवलं. अण्णाची खबर कानावर यायची ती येतच होती. फंडाचे पैसे मुलीच्या लग्नात गेले, तो भोसरीच्या एका वर्कशॉपात हजेरी लिहितो, असं कोणीतरी म्हणालं. केसरबाईंना हिंदुरावांनी यातलं काहीच सांगितलं नाही.

एक्क्याऐंशीच्या मे महिन्यात हिंदुरावांची पाळी आली. पेन्शनचा फॉर्म आठ पानी होता. कलमं पाठ असलेल्या या माणसाला आपलाच फॉर्म भरवेना. दोन दिवस तो टेबलावर तसाच पडून राहिलेला पाहून केसरबाईंनी भाच्याबरोबर परस्पर दिघीला निरोप धाडला, आणि गुरुवारी सकाळी अण्णा दारात उभा राहिला. केस पांढरे झाले होते. हातात कापडी पिशवी होती आणि तिच्यातून डब्याचं झाकण दिसत होतं.

"या भावजी! किती वाळलाय वो!" केसरबाई चहा टाकायला आत गेल्या.

अण्णाने चष्मा लावला, फॉर्म पुढे ओढला आणि न विचारता भरायला सुरुवात केली. हिंदुरावांचं नाव, बापाचं नाव, नोकरीची तारीख. त्याला सगळं पाठ होतं. चौथ्या पानावर हिंदुरावांना राहवलं नाही.

"अण्णा, त्ये पत्र..."

"ठावं हाय मला." अण्णाने मान वर केली नाही.

"कवापास्नं?"

"टेबलावर पडलं तवापास्नं. दुसऱ्याच वळीत नॉटविथस्टँडिंग. आरं, वीस वरसं तुझी वाक्यं ह्या तोंडातनं गेली. मला वळखू येनार न्हाईत व्हय?"

"मला तुझं न्हाई बघवायचं, अण्णा. टाळ्या पडल्या की पोटात आग पडायची."

"मलाबी तुझं बघवायचं न्हाई." अण्णाने पान उलटलं. "माझ्या नावावर एक वाक्य न्हाई, हिंदुराव. टाळ्या पडायच्या, आन् मला मागच्या रांगेतलं तुझं तोंड दिसायचं. तुझंच त्ये सगळं. मी नुसता कर्णा."

"मग एकदा तरी सांगायचंस की लोकांम्होरं."

अण्णाचा हात थांबला. "व्हय," तो म्हणाला. "सांगायला पायजे व्हतं. तेवढं मन मोठं न्हाई झालं माझं."

मग त्याने पुन्हा लिहायला घेतलं. दोन पानं भरून झाल्यावर म्हणाला, "पत्राचा मसुदा मात्र झकास व्हता. तुझे सगळे मसुदे मी साहेबांम्होरं ठेवले. दर खेपेला त्यांनी कात्री लावली. त्यो एकच असा, की एक शब्द न बदलता मान्य केला."

हिंदुरावांनी त्या बोलण्यात टोमणा शोधला. टोमणा असता तर बरं झालं असतं. तो सापडला नाही. आयुष्यभर ज्या तोंडून आपल्या लेखणीची तारीफ ऐकायची होती, त्याच तोंडाने ती केली होती.

शेवटच्या पानावर साक्षीदाराची सही लागत होती. अण्णाने ठळक अक्षरात 'अ. ध. परांडे' लिहिलं आणि खालच्या 'व्यवसाय' या रकान्यात 'नोकरी' असं भरलं. केसरबाईंनी चहा आणून ठेवला. बशीत ओतून त्याने तो दोन घोटांत संपवला.

"भावजी, तुमास्नी किती बसलं वो पेन्शन?" केसरबाईंनी सहज विचारलं.

अण्णाने मिशा पुसल्या, पिशवी उचलली आणि तो हसला.

"मला एवढ्यात कुठलं पेन्शन, वयनी? मी अजून कामावर हाय. तीनची शिफ्ट हाय, जातू."

तो गेला. केसरबाई रिकामी कपबशी उचलताना कौतुकाने म्हणाल्या, "बघा, ह्या वयात बी बसून खात न्हाईत. न्हाईतर तुमी."

"व्हय," हिंदुराव म्हणाले.

साक्षीदाराच्या सहीची शाई अजून ओली होती. ती पुसली जाऊ नये म्हणून ते पान तसंच उघडं धरून बसून राहिले.