ओट्यावरून दिसलेलं विमान

विपुलने मला दोस्त म्हणावं, ही माझी लहानपणापासूनची हाव. आम्ही एका वयाचे, एकाच चिकूच्या वाडीत वाढलेले. फक्त वाडी त्याच्या बापाची आणि चिकू निवडायला माझी आई, सुकी. २०१८च्या दिवाळीत तो मुंबईहून डहाणूला आला आणि फोनवर म्हणाला, "नविन, घरी ये. माळ्यावर जुना व्हिडिओ गेम सापडलाय. तुझ्याशिवाय मजा नाही." मी टेम्पोची तलासरीची खेप सोडून गेलो. वेड्यासारखा इस्त्रीचा शर्टही घातला.

विपुल गेम बनवणाऱ्या कंपनीत चित्रांचं काम करतो. जुन्या ग्राफिक्सवर त्याला व्हिडिओ करायचा होता. त्याने मला सोफ्यावर शेजारी बसवलं, समोर रेकॉर्डिंगला मोबाइल उभा केला आणि गेम लावला. लहानपणी बघितलेलं तेच लाल विमान नदीवरून निघालं. माझा चेहराच पडला. विमान कसलं, एकमेकांना चिकटवलेले पाच-सहा चौकोन! नदी म्हणजे नुसता निळा पट्टा.

"काय भंगार ग्राफिक्स होते रे," विपुल हसला. "तरी आपल्याला किती भारी वाटायचं! बोल, तुला काय आठवतं?"

"भंगार नव्हते." मला खरंच राग आला होता. "नदीला लाटा होत्या. विमानात माणूस दिसायचा, टोपीवाला."

"माणूस? कुठाय माणूस?"

कुठेच नव्हता. पडद्याकडे बघता बघता माझं मलाच उमगलं.

"तुम्ही जवळून बघायचात, विपुलभाई. मी बाहेर ओट्यावर आईबरोबर चिकू निवडायचो आणि खिडकीच्या मच्छरजाळीतून दिसेल तेवढं बघायचो. तिथून चौकोन कळायचे नाहीत. बाकीचं मी मनानेच भरायचो. आत मी आज पहिल्यांदा बसलोय."

विपुलची आई फराळाची ताटली घेऊन दारात उभी होती. "अरे, मग आत यायचं ना! तुला कधी कोणी अडवलं होतं का?"

कोणी नाही. खरंच कोणी नाही. पण 'ये' असंही कोणी म्हटलं नाही. न बोलावता मजुराचं पोर शेठच्या घरात शिरत नसतं, हे त्या बाईंना माहीत नव्हतं असं मी मानायला तयार नाही.

विपुलने मोबाइलवरचं रेकॉर्डिंग थांबवलं. "भारी बोललास. परत एकदा घेऊ. फक्त ते ओट्याचं राहू दे, लोक उगाच भलतंच समजतील. आपण इथे बसून खेळायचो, एवढंच सांग."

मी उठून जायला हवं होतं. पण त्याने रेकॉर्डिंग परत सुरू केलं, माझ्या खांद्यावर हात टाकला आणि मोबाइलकडे बघून म्हणाला, "हा नविन. माझा लहानपणीचा दोस्त."

"हो," मी हसून म्हणालो. "आम्ही दोघं इथेच बसून खेळायचो. मीच नेहमी हरायचो."