गाळलेल्या दोन पट्ट्या

मंजुषा चंद्रपूरच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची आणि उरलेल्या वेळात पीएचडी करायची. विषय होता गंज. लोखंडाला लागणारा गंज रोखणारी बाजारातली बरीच रसायनं पिण्याच्या पाण्यात चालत नाहीत, म्हणून झाडपाल्यातून काही मिळतं का, ते ती शोधत होती.

हिरडा तिला दाखवला लालसूभाऊंनी. ते एटापल्लीच्या पुढे कोहकाटोला या छोट्या वस्तीत राहत, थोडं धान पिकवत, मोह आणि हिरडा वेचत. भर पावसाळ्यातही त्यांच्या कुऱ्हाडीवर गंजाचा डाग नव्हता. मंजुषाने विचारलं, तर हसून म्हणाले, "हिरड्याचा काढा लावतो न मॅडम. माहा बापबी लावे."

त्याच टोल्यातला हातपंप लाल पाणी द्यायचा. आतले पाइप गंजत होते. भात पिवळा पडे, धुतलेल्या कपड्यांवर डाग राहत. लालसूभाऊंच्या बायकोने, बुधरीबाईंनी, पाण्याच्या गुंडावर, म्हणजे हंड्यावर, बांधलेलं फडकं सोडून दाखवलं. त्यावर लाल चिखलासारखा थर होता. "हे बंद होते का, बाई?" त्यांनी विचारलं. मंजुषा म्हणाली, "करून पाहू."

तिने हिरड्याचा काढा आटवून जवसाच्या तेलात घोटला, पोलादाच्या चोवीस पट्ट्यांना लावला आणि त्या पट्ट्या त्याच पंपाच्या पाण्यात तीन महिने टांगून ठेवल्या. बाहेर काढल्या तेव्हा बावीस पट्ट्या काळ्या, गुळगुळीत होत्या. उरलेल्या दोन पट्ट्यांवर भिंगाखाली टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसत होती. लेप जिथे नीट बसला नव्हता, तिथे सगळा गंज एका जागी एकवटून आत उतरला होता.

असं होऊ शकतं, हे तिला माहीत होतं. लेपामुळे एकूण गंज कमी होतो, पण एखादी जागा उघडी राहिली तर तिथे तो खोल जातो, हे तिने पुस्तकात वाचलं होतं. पण पेपर पाठवायची तारीख जवळ आली होती. तिने वहीत लिहिलं, 'धुताना ओरखडे, दोन पट्ट्या वगळल्या.' तिचे गाईड उराडे सर वही चाळताना त्या ओळीवर थांबले. "ओरखडेच होते ना?" त्यांनी विचारलं. ती "हो सर" म्हणाली. पेपर छापून आला.

मग कोहकाटोल्याच्या पंपाचे पाइप काढून त्यांना लेप दिला. पाणी पहिल्याच महिन्यात स्वच्छ आलं. बुधरीबाईंनी मंजुषाला भात वाढला आणि पांढरा झाला की नाही ते पाहा म्हणाल्या. शेजारच्या दोन टोल्यांनी येऊन कृती विचारून घेतली आणि आपापल्या पंपांना लेप दिला. मंजुषाने कृती आनंदाने लिहून दिली.

चौदा महिन्यांनी, एप्रिलमध्ये, कोहकाटोल्याचा पाइप मधेच तुटला आणि खालचे सगळे पाइप बोअरमध्ये अडकून बसले. बोअर वाया गेली. बाया पाण्यासाठी नाल्यावर जायला लागल्या. मे महिन्यात भरलेला गुंड डोक्यावर घेऊन उतारावरून येताना बुधरीबाई घसरल्या आणि त्यांचं मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं.

मंजुषा गेली तेव्हा त्या खाटेवर होत्या. लालसूभाऊंनी वर निघालेला पाइपचा तुकडा अंगणात ठेवला होता. तिने तो उचलला. बाहेरून काळा, गुळगुळीत, आणि एका जागी आरपार छिद्र.

"काऊन तुटला, मॅडम?" लालसूभाऊंनी विचारलं. "लेप तं बराबर लावला होता आमी."

"चूक तुमची नाही, भाऊ. मी तपासलं तेव्हा दोन पट्ट्यांना असंच छिद्र पडलं होतं. मी ते कुणाला सांगितलं नाही."

खाटेवरून बुधरीबाईंनी विचारलं, "म्हंजे तुले मालूम होतं?"

"हो, बाई."

बुधरीबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. लालसूभाऊंनी तुकडा तिच्या हातातून घेऊन बाजूला ठेवला. मग म्हणाले, "त्या दोन टोल्यातल्या पंपायले तोच लेप हाये न? मंग इथी काऊन बसली? चाल."

ते तिच्या स्कूटरवर मागे बसून आले. दोन्ही टोल्यांत तिने लोकांना गोळा करून सगळं सांगितलं. एक माणूस तिच्यावर ओरडला, ती ऐकून घेत उभी राहिली. चार दिवसांत मिस्त्री आणून पाइप बाहेर काढले. एका पंपाचे दोन पाइप आतून पोखरलेले निघाले. महिनाभरही टिकले नसते. दोन्ही बोअर वाचल्या.

उराडे सरांना तिने स्वतः सांगितलं. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "मी विचारलं होतं तुला." तिने पेपर मागे घेतला. प्रयोग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, आता ऐंशी पट्ट्यांवर, आणि छिद्र पडलेली पट्टी ती आधी मोजते. पीएचडी तीन वर्षं पुढे गेली.

कोहकाटोल्यात पुढच्या वर्षी नवी बोअर झाली, प्लास्टिकच्या पाइपची. बुधरीबाई आता काठी टेकत चालतात. मोह वेचायला त्या जाऊ शकत नाहीत. मंजुषा दर दोन महिन्यांनी जाते. लालसूभाऊ तिच्याशी बोलतात, चहा देतात. बुधरीबाई तिला बसायला बाज दाखवतात आणि काठी घेऊन आत निघून जातात. मंजुषा थोडा वेळ बसते. जेवायला थांब, असं त्या घरात तिला आता कोणी म्हणत नाही.