मुकं पाणी

“दोनका, ओठ गोठले का गं?”

आसेनचा, तिच्या नवऱ्याचा, तो आवाज अजून फाटकापाशीच उभा होता. तिथवर आलं की दोनकाचे पाय आपोआप जड व्हायचे. आज तर हातात तांब्याची कळशी होती, काठोकाठ भरलेली, आणि ओठ घट्ट मिटलेले.

नाताळच्या आदल्या दिवशीचं पाणी मुकं आणायचं. झऱ्यापासून परातीपर्यंत, पिठात पडेपर्यंत, आणणारीनं अवाक्षर काढायचं नाही. बोललेल्या पाण्याचा पाव घराला बाधतो, असं सारं गाव मानायचं. झऱ्यावर म्हाताऱ्या वीतानं यंदाही छळलंच.

“काय गं, दातखिळी बसली? की सासूनं तोंड शिवून पाठवलंय?”

बायका खिदळल्या. दोनका मान खाली घालून निघाली. वाट मुकी, झरा मुका, मुकं पाणी कळशीत, असं मनात घोळवत ती बर्फावर पावलं टाकत राहिली.

दोन नाताळांपूर्वी मात्र ती बोलली होती. याच फाटकाशी कुऱ्हाडीवर रेलून आसेननं तिची थट्टा केली आणि तिच्या तोंडून सहा शब्द निसटले. फेब्रुवारीत रानात तोडलेलं झाड भलत्याच बाजूला कोसळलं, नेमकं आसेनवर. ते सहा शब्द तिनं कुणालाच सांगितले नाहीत. गेल्या नाताळात घरात दुखवटा, पाव झालाच नाही. आज सकाळी सासू स्तामेना एवढंच म्हणाली होती, “जा, पाणी आण.” म्हणतानाही तिनं वर पाहिलं नव्हतं. आसेन गेल्यापासून ती दोनकाच्या डोळ्यांत बघतच नसे.

आज सांगायचं. सांगितल्यावर हे घर आपलं राहील की नाही, कोण जाणे. माहेरचं दार तर केव्हाच बंद झालं होतं.

स्वयंपाकघरात स्तामेनानं पीठ तीनदा चाळून ठेवलं होतं. पीठ, मीठ, चिमूटभर सोडा. पाव तसा साधाच. ओट्यावर तिनं गोणपाट अंथरलं होतं. पूर्वी कधी अंथरत नसे. कळशी तिनं दोन्ही हातांनी घेतली, तान्ह्या मुलाला घ्यावं तशी, आणि गोणपाटावर टेकवली. मग जराशी कलती केली.

पाण्याची धार पिठात उतरू लागली. दोनकाच्या जिभेवर वाक्य येऊन थांबलं होतं. धार बारीक झाली. थेंब झाले. शेवटचा थेंब कळशीच्या काठाशी लोंबकळत राहिला, राहिला, आणि पडला.

“आई, मी बोलले होते.”

कणीक कालवू लागलेली स्तामेनाची बोटं थांबली.

“आज?”

“नाही. त्या वर्षी. फाटकापाशी.”

“कुणाशी?”

“त्यांच्याशीच.”

चुलीत लाकूड तडकलं. स्तामेनानं परातीच्या कडेचं पीठ आत ओढलं.

“काय म्हणालीस?”

“म्हटलं, माझे नाही गोठले, तुझेच हात गोठलेत.”

स्तामेनाच्या ओठाचा कोपरा क्षणभर हलला.

“आळशी होताच तो.”

“तुम्ही म्हणाल तर मी जाते, आई. आजच जाते.”

स्तामेनानं परातीतून हात काढला. कणकेनं माखलेल्या बोटांनी तिनं दोनकाचं मनगट पकडलं, दुखेल इतकं घट्ट. नजर मात्र गोणपाटावर होती.

“त्या वर्षीची कळशी माझ्या हातून लवंडली होती,” ती म्हणाली. “तू बाहेर अंगणात होतीस. मी गुपचूप फरशी पुसली आणि कळशी नळाखाली धरली.” मग तिनं मान वर केली. “तुझ्या तोंडाकडे बघवत नव्हतं मला, पोरी. त्या पावात तुझं पाणी नव्हतंच.”